भिंतीलगतचा एक मिलिमीटर
(नळीतून वाहणाऱ्या वायूच्या उष्णता-गणिताची प्रस्तावना)

बॉयलर अग्निप्रदीपनाचा नारळ फुटण्याआधीच्या पंधरवड्यात साखर कारखान्यात एक काम हमखास चालू असते. एअर प्रीहीटरचे मॅनहोल उघडून माणसे आत उतरतात आणि नळ्या साफ करतात. वरच्या ट्यूबशीटवर वाकून पाहिले की शेकडो गोल भोके ओळीने मांडलेली दिसतात. खाली कोणी बॅटरी फिरवली की मोकळ्या नळ्यांतून उजेडाची चकती वर येते. जिथे ती येत नाही ती नळी राखेने बुजलेली. मग लांब सळईला बांधलेला तारेचा ब्रश त्या नळीत उतरतो, वर-खाली होतो, आणि राख खाली हॉपरमध्ये सांडते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी असाच एका ट्यूबशीटवर उभा होतो. तिथल्या जुन्या फोरमननी मला विचारले, "साहेब, या दोन हजार नळ्या. यातल्या पन्नास बुजल्या तर कारखान्याचं नेमकं काय बिघडतं?" मला उत्तर देता आले नाही. पदवी होती, सूत्र पाठ होते, पण त्या सूत्राचा आणि त्या भोकांचा संबंध मला जोडता येत नव्हता. हे पुस्तक त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहिले आहे, आणि प्रस्तावनेतच ते उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

आधी विषय कोणता ते सांगतो. उष्णता तीन वाटांनी जाते हे आपण शाळेत शिकलो : वहन, अभिसरण, प्रारण. त्यातल्या अभिसरणाचा हा एक कोपरा. नळी गोल, आतून वायू वाहतो आहे, नळीची भिंत आणि वायू यांच्या तापमानात फरक आहे. तर दर सेकंदाला किती उष्णता भिंतीत जाईल? बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या बॉयलरच्या एअर प्रीहीटरमध्ये नळीच्या आतून चिमणीकडे निघालेला गरम धूरवायू जातो आणि बाहेरून भट्टीकडे जाणारी हवा. धूरवायू फुकट जाण्याआधी आपली थोडी उष्णता हवेला देतो. ओल्या बगॅसला पेट घ्यायला ही गरम हवा फार उपयोगी पडते.

उष्णता म्हणजे क्षेत्रफळ, तापमानातला फरक आणि एक गुणांक यांचा गुणाकार. गरम वस्तू थंड होण्याचा वेग तापमानाच्या फरकाशी जोडण्याचा विचार न्यूटनच्या १७०१ मधल्या लेखात आला. क्षेत्रफळ टेपने मोजता येते, तापमान थर्मामीटरने. सगळी अडचण त्या तिसऱ्या आकड्यात आहे. या पुस्तकात त्याला 'उष्णता-गुणांक' म्हटले आहे.

हा गुणांक वायूचा गुणधर्म नाही, ही गोष्ट मी वर्गात पहिल्या दिवशी सांगतो आणि शेवटच्या दिवशीही सांगतो. घनता, चिकटपणा, उष्णतावाहकता हे वायूचे गुणधर्म. कोष्टकात पाहिले की मिळतात. उष्णता-गुणांक मात्र प्रवाहाचा असतो. तोच वायू, त्याच तापमानाला, दुसऱ्या वेगाने किंवा दुसऱ्या व्यासाच्या नळीतून सोडला की आकडा बदलतो. म्हणून "हवेचा गुणांक किती?" हा प्रश्नच अपुरा आहे. कुठली नळी, किती वेग, किती लांबी, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

या विषयाचा जन्मच बॉयलरच्या नळ्यांत झाला आहे. १८२९ साली स्टीफन्सन पितापुत्रांच्या 'रॉकेट' इंजिनात एका मोठ्या नळाऐवजी ३ इंच व्यासाच्या २५ तांब्याच्या नळ्या बसवल्या होत्या. आतून आगीचा वायू, बाहेर पाणी. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी ओढणारी इंजिनेही याच जातीची होती. पुढे मँचेस्टरचे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ मध्ये वाफेच्या बॉयलरच्या तापणाऱ्या पृष्ठभागावर एक निबंध लिहिला. नळीतल्या वायूचे घर्षण आणि त्याने भिंतीला दिलेली उष्णता यांचे मूळ एकच आहे, हा त्यातला विचार. भोवऱ्यांनी वायूचे कण भिंतीशी नेऊन आपटले की ते वेगही गमावतात आणि उष्णताही. पुढच्या दीडशे वर्षांची सगळी सूत्रे या एका वाक्याची तपशीलवार मांडणी आहेत असे माझे प्रामाणिक मत आहे.

त्याच रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखवली. वेग कमी असेतो धार दोऱ्यासारखी सरळ राहते. वेग वाढवत नेला की एका टप्प्याला ती थरथरते आणि विस्कटून सगळ्या नळीभर पसरते. घनता, वेग आणि व्यास यांच्या गुणाकाराला चिकटपणाने भागले की येणाऱ्या बिनएकक संख्येवर हा टप्पा ठरतो. हाच रेनॉल्ड्स अंक. नळीसाठी तो सुमारे २,३०० च्या खाली असेल तर प्रवाह थराथराने, शिस्तीत वाहतो. १०,००० च्या वर गेला की पुरता खळबळलेला समजावा. मधला पट्टा भरवशाचा नाही. तिथे नळी चालवण्याची वेळ येऊ देऊ नये.

या हिशेबाला लागणारे उरलेले दोन अंक जर्मनीतून आले. लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये दाखवले की वाहत्या द्रवाची किंवा वायूची भिंतीशी होणारी सगळी झटापट भिंतीलगतच्या पातळ थरात घडते. त्यांच्या नावाचा अंक चिकटपणा आणि उष्णतेचा प्रसार यांची तुलना करतो. हवेसाठी तो ०.७ च्या जवळपास असतो आणि तापमान बदलले तरी फारसा हलत नाही. वायूंचे गणित द्रवांपेक्षा सुटसुटीत होते ते यामुळे. विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९१५ मध्ये उष्णता-गुणांकालाच बिनएकक रूप दिले : गुणांक गुणिले व्यास, भागिले वायूची उष्णतावाहकता. शिस्तीत वाहणाऱ्या प्रवाहात, सुरुवातीचा भाग सोडला आणि भिंतीचे तापमान सारखे असले, तर नुसेल्ट अंक ३.६६ वर स्थिर राहतो. वेग वाढवा, कमी करा, तो तिथेच. खळबळलेल्या प्रवाहात मात्र तो रेनॉल्ड्स अंकाच्या ०.८ व्या घाताप्रमाणे वाढत जातो.

प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेले सूत्र डिटस आणि बोल्टर या दोघांच्या नावावर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या या दोघांनी १९३० मध्ये मोटारींच्या रेडिएटरवर काम करताना ते मांडले. नुसेल्ट अंक म्हणजे ०.०२३ गुणिले रेनॉल्ड्स अंकाचा ०.८ वा घात गुणिले प्रांटल अंकाचा घात. वायू तापत असेल तर हा घात ०.४, निवत असेल तर ०.३. गंमत अशी की ०.०२३ हा आकडा त्यांच्या मूळ लेखात या रूपात नव्हता. मॅकअ‍ॅडम्स यांच्या पाठ्यपुस्तकातून तो रूढ झाला. १९९८ मध्ये विंटरटन यांनी हा माग काढला. मला ही हकीकत महत्त्वाची वाटते, कारण सूत्रावरचे नाव पाहून आपण त्याला जी अचूकता बहाल करतो, ती त्याने स्वतः कधी मागितलेली नसते.

आता एक नळी घेऊ. बाहेरचा व्यास ६३.५ मि.मी., जाडी ३.२५ मि.मी., म्हणजे आतला व्यास ५७ मि.मी. लांबी ३ मीटर. वायूचे सरासरी तापमान २०० अंश सेल्सिअस, वेग सेकंदाला १२ मीटर. सुरुवातीला धूरवायू म्हणजे हवाच असे समजू. २०० अंशांना हवेची घनता घनमीटरला ०.७४६ किलो, चिकटपणा ०.००००२५८ पास्कल-सेकंद, उष्णतावाहकता ०.०३८५, प्रांटल अंक ०.६९.

घनता आणि वेग यांचा गुणाकार ८.९५. त्याला ०.०५७ ने गुणून चिकटपणाने भागले की रेनॉल्ड्स अंक येतो १९,८००. प्रवाह खळबळलेला आहे, सूत्र लागू आहे. वायू निवतो आहे म्हणून घात ०.३. नुसेल्ट अंक ५६. त्यावरून गुणांक चौरस मीटरला, एका अंशाला ३८ वॉट.

इथे बरेच जण पेन खाली ठेवतात. ठेवू नये. ग्निएलिन्स्की यांनी १९७० च्या दशकात दिलेले सूत्र नळीतले घर्षण हिशेबात घेते आणि रेनॉल्ड्स अंक ३,००० पासून वर चालते. त्याने हाच हिशेब केला तर नुसेल्ट अंक ५०.५ येतो आणि गुणांक ३४. जुने सूत्र वायूसाठी थोडे उदार आहे, ०.०२३ च्या जागी ०.०२१ घ्यावा अशी सूचना म्हणूनच केली जाते, आणि तसे केले की दोन्ही उत्तरे जुळतात. मग नळीच्या तोंडाजवळचा भाग. तिथे भिंतीलगतचा थर अजून जाड झालेला नसतो, त्यामुळे उष्णता जास्त जाते. व्यासाच्या ५३ पट लांबीच्या आपल्या नळीत त्याने सरासरीत ७ टक्के भर पडते. म्हणजे उत्तर ३४ ते ३८ च्या दरम्यान कुठेतरी. मी ३४ धरतो, कारण एअर प्रीहीटर लहान पडण्यापेक्षा थोडा मोठा पडलेला परवडतो. ३७.९६ असे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी सांगतो की त्यातला दशांश चिन्हापुढचा भाग तुझ्या कॅल्क्युलेटरचा आहे, नळीचा नाही.

हा ३४ नुसता आकडा म्हणून वाचू नका. वायूची उष्णतावाहकता भागिले गुणांक केले की लांबी मिळते : १.१ मिलिमीटर. वायूच्या बाजूचा सगळा अडथळा म्हणजे भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या सुमारे एक मिलिमीटर स्थिर हवेएवढा. नळीत बाकी सगळीकडे वादळ आहे, तापमान जवळजवळ सारखे आहे; उष्णतेची खरी वाट अडते ती या एका मिलिमीटरात. आणि एवढाच अडथळा पोलादाने निर्माण करायचा झाला, तर भिंत सुमारे १.३ मीटर जाडीची लागेल.

म्हणून नळी तांब्याची केली तर उष्णता वाढेल का, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. बाहेरच्या हवेचा गुणांक ४५ धरला, तर दोन्ही बाजू मिळून एकूण गुणांक १९ च्या आसपास येतो, आणि एकूण अडथळ्यात पोलादी पत्र्याचा वाटा हजारात दीड भागही नसतो. तो शून्य केला तरी कोणाला कळणार नाही. तुलनेसाठी, २५ मि.मी. नळीत सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणाऱ्या कोमट पाण्याचा गुणांक साडेचार-पाच हजार असतो. जिथे एका बाजूला वायू आणि दुसऱ्या बाजूला पाणी असते, तिथे पाण्याच्या बाजूला कितीही सुधारणा केली तरी पैसा वाया जातो. अडवून बसलेला नेहमी वायू असतो.

एका नळीने किती उष्णता दिली? आतला पृष्ठभाग अर्ध्या चौरस मीटरच्या थोडा वर, वायू-हवेतला सरासरी फरक १०० अंश. उत्तर साधारण एक किलोवॉट. घरातल्या इस्त्रीएवढे. दोन हजार नळ्या म्हणजे दोन हजार इस्त्र्या, आणि त्या चालवायला वीज नाही, एरवी चिमणीतून गेली असती ती उष्णता.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती मी नंतर अनेकांच्या कागदावर पाहिली आहे. पहिल्यांदा डिटस-बोल्टर सूत्राने हा हिशेब केला तेव्हा वेग १२ मीटर घेतला, तो २०० अंशांचा. पण हवेचे गुणधर्म घेतले खोलीच्या तापमानाचे, कारण तेच कोष्टक समोर होते. उत्तर आले ४९. योग्य उत्तरापेक्षा सव्वापटीहून अधिक. चूक पकडल्यावर एक मोलाची गोष्ट कळली. वेगाऐवजी घनता आणि वेग यांचा गुणाकार धरला, म्हणजे चौरस मीटरमागे सेकंदाला जाणारे किलो, तर तो नळीभर बदलत नाही. वायू निवेल, आकसेल, त्याचा वेग कमी होईल; वस्तुमान तेवढेच राहील. हा ८.९५ कायम ठेवून तेच थंड गुणधर्म घेतले तरी उत्तर ३४ येते, म्हणजे ३८ पासून दहा टक्क्यांवर. वायूचा हिशेब करताना वेग विसरा आणि किलो धरा, हा सल्ला मी मनापासून देतो. आपल्या नळीतून ताशी ८२ किलो वायू जातो. तिथून सुरुवात केली की बहुतेक चुका वाटेतच गळतात.

धूरवायू म्हणजे हवा नव्हे, हेही विसरता कामा नये. निम्मी ओल असलेले बगॅस जळते तेव्हा धूरवायूत आकारमानाने जवळजवळ पाव भाग वाफ असते. त्यामुळे विशिष्ट उष्मा वाढतो, चिकटपणा थोडा घटतो, आणि आणखी एक परिणाम होतो जो गुणांकापेक्षा महत्त्वाचा आहे. असा वायू ६५ अंशांच्या आसपासच्या भिंतीला लागला की वाफेचे पाणी होते.

भिंतीचे तापमान किती, हे कोणी ठरवत नाही; दोन बाजूंचे गुणांक आपसांत ठरवतात. थंड टोकाला वायू १६० अंश आणि हवा ३५ अंश असेल, तर ३४ आणि ४५ या वजनांनी भिंत ८९ अंशांवर थांबते. ठीक आहे. आता नळीत राखेचा थर बसला आणि वायूकडचा परिणामी गुणांक २० वर आला असे समजा. भिंत ७३ अंशांवर उतरते. आणखी थोडी राख, आणखी थोडी थंड सकाळ, आणि नळीच्या आत घाम सुटतो. ओली राख चिकटते, त्यावर आणखी राख बसते. अभिसरणाचे गणित शिकवताना फक्त 'किती उष्णता' एवढेच शिकवले जाते याची मला खंत आहे. भिंत किती तापमानाला राहील हा प्रश्न कारखान्यात जास्त पैशांचा असतो.

वेग वाढवून गुणांक वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. वेग दुप्पट केला तर गुणांक १.७४ पट होतो. पण दाबातली घट साडेतीन पट होते, आणि धूरवायू ओढणाऱ्या आय.डी. फॅनची ताकद सात पटींजवळ जाते. रेनॉल्ड्स यांनी म्हटलेले इथे प्रत्यक्ष दिसते : उष्णता आणि घर्षण एकाच भोवऱ्यातून येतात, आणि उष्णतेपेक्षा घर्षणाचे बिल लवकर वाढते.

आता त्या फोरमनच्या प्रश्नाकडे येतो. दोन हजारांतल्या पन्नास नळ्या बुजल्या, म्हणजे अडीच टक्के. तेवढाच वायू आता उरलेल्या १,९५० नळ्यांतून जाणार. प्रत्येकीत अडीच टक्के जास्त. त्यांचा गुणांक दोन टक्के वाढतो आणि गेलेल्या पृष्ठभागाची बरीच भरपाई करतो. एकूण उष्णतेत पडणारा फरक दीड टक्क्याच्या आतला. दाबातली घट साडेचार टक्क्यांनी वाढते, आय.डी. फॅन थोडा जास्त करंट घेतो. इथवर पाहिले तर काहीच बिघडले नाही असे वाटेल. पण त्या पन्नास नळ्यांत गरम वायू येत नाही आणि बाहेरून थंड हवा वाहतेच आहे. त्या नळ्या हवेच्या तापमानाला उतरतात. त्यांच्या तोंडाशी जो वायू पोचतो त्याचे पाणी होते, राख भिजते, आणि नळी आतून गंजू लागते. एक दिवस भोक पडते. भट्टीकडे जाणारी हवा त्या भोकातून सरळ धूरवायूत शिरते, चिमणीकडे पळते, आणि आय.डी. फॅनला ती फुकटची ओढावी लागते. बुजलेली नळी या हंगामात उष्णता खात नाही; ती पुढच्या हंगामात कारखान्याची हवा खाते. मला त्या दिवशी हे उत्तर देता आले असते तर त्या माणसाला फार समाधान वाटले असते.

या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे शिस्तीतल्या आणि खळबळलेल्या प्रवाहाची आहेत. तिसरे नळीच्या तोंडाजवळच्या भागाचे, चौथे वायू आणि भिंत यांच्या तापमानात फार फरक असताना काय करावे याचे. सर्वांत लांब पाचवे प्रकरण भिंतीच्या तापमानावर आहे. ते मुद्दाम लांब ठेवले आहे. आगीच्या अगदी जवळच्या नळ्यांत कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांचे प्रारणही मोजावे लागते. त्याची सुरुवात सहाव्यात केली आहे, पूर्ण विषय नाही. पारिभाषिक शब्द शक्यतो शाळेतले ठेवले; जिथे कारखान्यात इंग्रजी शब्दच चालतो तिथे तो देवनागरीत तसाच घेतला, कारण वाचणाऱ्याला उद्या त्याच शब्दाने बोलायचे आहे.

डिप्लोमाचे विद्यार्थी, बॉयलरच्या परीक्षेला बसणारे अटेंडंट आणि नव्याने रुजू झालेले इंजिनिअर, तिघांनाही माझी विनंती एकच आहे. उदाहरणे नुसती वाचू नका; आपल्या कारखान्यातली एक नळी निवडा आणि तिचे आकडे घालून प्रत्येक उदाहरण पुन्हा सोडवा. आणि नळीचा आतला व्यास स्वतः कॅलिपरने मोजून घ्या. ड्रॉइंगवर बहुधा बाहेरचा लिहिलेला असतो.